सार्वजनिक विद्यापीठातील एरोनॉटिकल इंजिनिअरिंग: चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचे परीक्षण

एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी देणाऱ्या कोणत्याही विभागाचे माहितीपत्रक उघडले, तर पहिल्या पानावर हमखास एक विमान असते. अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन वर्षांत मात्र विमान जवळपास कुठेच नसते. असते ते गणित, यामिकी, थर्मोडायनॅमिक्स, पदार्थविज्ञान आणि पुन्हा गणित. हा विरोधाभास ठाऊक नसताना प्रवेश घेणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस जी गळती दिसते, तिचे कारण बहुतेक वेळा विषयाच्या काठिण्यापेक्षा ही चुकीची अपेक्षा हेच असते. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठातून ही पदवी घेऊन त्याच क्षेत्रात काम केल्यावर हे परीक्षण लिहीत आहे, आणि माझे मत आरंभीच नोंदवणे बरे. अशा विभागाची प्रत त्याच्या नावावरून, इमारतीवरून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून ठरत नाही. पदवीपूर्व विद्यार्थ्याला विंड टनेलवर (प्रतिकृतीवर ठरावीक वेगाने हवा सोडून चाचणी घेण्याचा बोगदा) आणि स्ट्रक्चर्सच्या, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीच्या, प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने किती वेळ काम करू दिले जाते, यावरून ती ठरते. जेथे हा वेळ भरपूर मिळतो तेथे ही पदवी उत्तम आहे. जेथे तो मिळत नाही तेथे बाकीचे सर्व काही चांगले असूनही ती अर्धीच राहते.

ही पदवी कशासाठी नाही हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्याला वैमानिक व्हायचे आहे, त्याला या पदवीने परवाना मिळत नाही. त्यासाठी उड्डाणाचे प्रशिक्षण आणि उड्डाणाचे तास लागतात. ज्याला विमानांच्या देखभालीचे काम करून विमान सेवेत दाखल करण्याच्या कागदावर सही करायची आहे, त्याचा परवानाही वेगळा असतो आणि त्याच्या परीक्षा नागरी विमान वाहतुकीचे नियामक घेतात. ही पदवी विमानाचे आरेखन, विश्लेषण आणि चाचणी यांची आहे. विमानाबद्दल प्रेम असणे आणि विमान हवेत का राहते याचे समीकरण सोडवण्याची चिकाटी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा अभ्यासक्रम दुसरीवरच चालतो.

पहिल्या वर्षात सार्वजनिक विद्यापीठाचे जे रूप दिसते ते फारसे मोहक नसते. वर्ग प्रचंड मोठे असतात, अनेक शाखांचे विद्यार्थी एकत्र बसवलेले असतात आणि गणित शिकवणारे प्राध्यापक गणित विभागातून आलेले असल्यामुळे विमानाचा उल्लेखही करीत नाहीत. प्रश्न विचारायचा असेल तर तासानंतर रांग लावावी लागते. असे असले तरी या वर्षाला मी कमी गुण देणार नाही. गणित विभागातील माणूस सिद्धता सोडून पुढे जात नाही, आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स ज्याने नीट शिकली, त्याला तिसऱ्या वर्षी विमानाची गतिकी शिकताना अर्धे काम आधीच झालेले आढळते. 'उपयोजित' या गोंडस नावाखाली गणित पातळ करून शिकवणारे काही अभ्यासक्रम मी जवळून पाहिले आहेत. त्यांचे विद्यार्थी सॉफ्टवेअर चालवतात, परंतु सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर अशक्य आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्स सुरू होते आणि एका चांगल्या विभागाची पहिली खूण येथे दिसते. पंखाला उचल का मिळते, याचे शाळेपासून चालत आलेले एक स्पष्टीकरण असे आहे की, पंखाचा वरचा पृष्ठभाग लांब असल्यामुळे वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोहोचण्यासाठी अधिक वेगाने जावे लागते. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. दोन्ही बाजूंच्या हवेने एकाच वेळी पोहोचले पाहिजे असा कोणताही नियम नाही, आणि धुराच्या रेषा सोडून पाहिले तर वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी मागच्या कडेपलीकडे गेलेली दिसते. वरच्या बाजूला वेग अधिक असतो आणि दाब कमी असतो हे खरे. पण त्याचे कारण पंख संपूर्ण प्रवाहाला खाली वळवतो आणि मागच्या टोकदार कडेवरून प्रवाह सुरळीत सुटतो, यात शोधावे लागते. जो प्राध्यापक हा गैरसमज फळ्यावर मांडून, मोडून आणि मग अभिसरणाच्या (पंखाभोवती प्रवाहाच्या फिरण्याच्या) सिद्धांतापर्यंत नेतो, तो विद्यार्थ्याला एक सवय लावतो. कानाला पटणारे स्पष्टीकरण आणि मोजमापाला टिकणारे स्पष्टीकरण यांतला फरक ओळखण्याची ही सवय पुढे पुस्तकातल्या कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता विंड टनेलकडे वळतो, कारण या परीक्षणाचा भर तेथेच आहे. पदवीपूर्व प्रयोगशाळेतला टनेल सहसा कमी वेगाचा असतो. एका टोकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, मध्ये काचेच्या भिंतींचा चाचणी कक्ष, दुसऱ्या टोकाला पंखा. पहिला प्रयोग अगदी साधा दिसतो: समोरून येणाऱ्या हवेचा दाब पकडणाऱ्या पिटो नळीला, द्रवाच्या स्तंभाने दाब दाखवणारा मॅनोमीटर जोडून हवेचा वेग मोजायचा. सेकंदाला 30 मीटर वेगाची हवा मॅनोमीटरमध्ये पाण्याचा स्तंभ सुमारे 56 मिलिमीटर चढवते. वाचनात एका मिलिमीटरची चूक झाली तर दाबात सुमारे पावणेदोन टक्के आणि वेगात जेमतेम एक टक्का फरक पडतो. काही बिघडत नाही. आता वेग सेकंदाला 10 मीटरवर आणला, तर तोच स्तंभ जेमतेम सहा मिलिमीटर चढतो, आणि तीच एका मिलिमीटरची चूक दाबात सोळा टक्क्यांची होऊन बसते. उचलीचा गुणांक काढताना याच दाबाने भागायचे असते, म्हणून ही चूक थेट उत्तरात उतरते. मॅनोमीटरची नळी तिरपी का केलेली असते, हे त्या दिवशी कोणी समजावून सांगावे लागत नाही: क्षितिजाशी 30 अंशांचा कोन केला की त्याच दाबाला नळीतील द्रव दुप्पट लांबी चालतो आणि वाचन तेवढे सोपे होते.

पुढचा प्रयोग पंखावर लोकरीचे तुकडे चिकटवून स्टॉल, म्हणजे पंखाची उचल कोसळणे, पाहण्याचा. पंखाचा हवेशी असलेला कोन एकेका अंशाने वाढवत नेला की उचल वाढत जाते आणि लोकरीचे दोरे पृष्ठभागाला चिकटून मागे सरळ पडलेले राहतात. मग मागच्या कडेजवळचे दोरे थरथरू लागतात. बारा-पंधरा अंशांच्या आसपास, पंखाच्या आकाराप्रमाणे, ते उलटे वळून पुढच्या दिशेने फिरतात, तराजूवरची उचल कोसळते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, झपाट्याने वाढतो. पृष्ठभागालगतच्या हवेचा पातळ थर वाढत्या दाबाविरुद्ध पुढे जाऊ शकत नाही आणि पंखापासून सुटतो, ही लुडविग प्रांटल यांनी 1904 मध्ये मांडलेली कल्पना. पुस्तकात ती एका आकृतीत उरकते. काचेमागे दोरा उलटा फिरताना पाहिल्यावर हा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, ही गोष्ट आकृती राहत नाही. यंत्र विद्यार्थ्याने स्वतः चालवले असेल तरच याचा खरा उपयोग होतो. सहायकाने यंत्र चालवायचे आणि वीस जणांनी पाठीमागे उभे राहून आकडे उतरवून घ्यायचे, अशा पद्धतीचा 'प्रयोग' हा या शाखेतील सर्वांत मोठा अपव्यय आहे आणि तो दुर्दैवाने फार प्रचलित आहे.

टनेलमधील आकड्यांवर आंधळा विश्वास का ठेवू नये, हेही तेथेच शिकायला मिळते. मूळ आकाराच्या एकदशांश प्रतिकृतीवर तीच हवा त्याच वेगाने सोडली, तर रेनॉल्ड्स अंक (वेग, आकार, हवेची घनता आणि चिकटपणा यांवरून निघणारी, प्रवाहाचे वागणे सांगणारी संख्या) दहापट कमी होतो, आणि सीमास्तराचे वागणे बदलते. म्हणजे प्रतिकृतीवर जो स्टॉल दिसला तो खऱ्या विमानाचा असेलच असे नाही. अमेरिकेच्या नाका या सरकारी संस्थेने 1920 च्या दशकात लँगली येथे टनेलच संपूर्णपणे एका पोलादी टाकीत बसवून हवेचा दाब वीस पटीपर्यंत वाढवण्याची सोय केली, ती याच अडचणीवर मात करण्यासाठी. घनता वाढवली की छोट्या प्रतिकृतीवरही रेनॉल्ड्स अंक खऱ्या विमानाच्या जवळ नेता येतो. त्या टनेलमधून 78 पंखछेदांची (पंख आडवा कापला असता दिसणाऱ्या आकारांची) मोजमापे घेऊन 1933 मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातील चार अंकी नावे आजही विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतो: 2412 म्हणजे पंखाच्या रुंदीच्या दोन टक्के बाक, तो पुढून चाळीस टक्क्यांवर आणि जाडी बारा टक्के. हाच छेद सेसना 172 च्या पंखात आहे. सार्वजनिक पैशातून झालेले मोजमाप सर्वांसाठी खुले राहिले तर त्याचे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

विद्यापीठाच्या टनेलवरून विमानाचे आरेखन बदलल्याचे उदाहरणही इतिहासात आहे. मिशिगन हे सार्वजनिक विद्यापीठ. अमेरिकेत एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचे पदवी स्तरावरील शिक्षण 1914 मध्ये तेथे सुरू झाले. 1930 च्या दशकाच्या आरंभी तेथे शिकत असलेल्या क्लॅरेन्स जॉन्सन या विद्यार्थ्याने लॉकहीडच्या नियोजित मॉडेल 10 इलेक्ट्रा विमानाच्या प्रतिकृतीवर विद्यापीठाच्या टनेलमध्ये काम केले आणि विमानाची दिशास्थिरता अपुरी असल्याचे त्याचे मत झाले. त्याच्या प्राध्यापकांना ती पुरेशी वाटली होती. 1933 मध्ये लॉकहीडमध्ये रुजू झाल्यावर त्याने आपले मत तेथेही मांडले. त्याला पुन्हा टनेलकडेच पाठवण्यात आले आणि अखेर त्या विमानाला दोन उभ्या पंखांचे शेपूट आले. एका विद्यार्थ्याला यंत्रापाशी पुरेसा वेळ मिळाला होता, म्हणूनच तो अनुभवी माणसांशी असहमत होऊ शकला. आज किती विभागांत एखाद्या पदवीपूर्व विद्यार्थ्याला असे मत बनवण्याइतका वेळ मिळतो, हा प्रश्न प्रवेश घेणाऱ्याने अवश्य विचारावा.

स्ट्रक्चर्स हा विषय बहुतेकांना रुक्ष वाटतो. माझ्या मते तो या अभ्यासक्रमातील सर्वांत प्रामाणिक विषय आहे, कारण येथे चूक झाली की वस्तू तुटते. विमानाच्या सांगाड्याने सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार तुटल्याशिवाय सहन केला पाहिजे, हा नियम ऐकायला सोपा आहे; परंतु दीडपटच का, दुप्पट का नाही, याचे उत्तर वजनात आहे आणि ते उमगायला संपूर्ण सत्र जाते. बोइंग 777 च्या पंखाची मोडतोड चाचणी 1995 मध्ये झाली, तेव्हा तो कमाल भाराच्या 154 टक्क्यांवर मोडला. त्याने फार अधिक सहन केले असते, तर तो गरजेपेक्षा जड होता असा अर्थ झाला असता. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या वाट्याला पंख येत नाही, ॲल्युमिनियमची पट्टी येते. तिच्यावर चिकटवलेला स्ट्रेन गेज (लांबीतील सूक्ष्म बदल मोजणारे साधन), लोंबकळणारी वजने आणि सतत सरकणारा आकडा. पट्टीला नुसता हात लावला तरी आकडा का बदलतो, हे प्रथम कोणालाच कळत नाही. ॲल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला दहा लाखांत 23 भाग प्रसरण पावते, आणि गेजला ते प्रसरण आणि भारामुळे आलेला ताण यांतला भेद कळत नाही. म्हणून भाररहित अशा दुसऱ्या गेजशी त्याची जोडी लावावी लागते. हे ज्याने स्वतः जोडले, तो पुढे कोणत्याही चाचणी अहवालात तापमानाची नोंद आधी शोधतो.

धातूचा थकवा, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने धातूला तडे जाणे, शिकवताना डी हॅविलंड कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानाचे उदाहरण सर्वत्र दिले जाते, आणि ते बहुतेक ठिकाणी अर्धवट दिले जाते. 1954 मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमाने हवेत फुटली. इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात वारंवार दाब चढवला आणि उतरवला गेला. आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतील चक्रे मिळून 3,057 व्या चक्राला तो फाटला. 'चौकोनी खिडक्या' एवढ्या दोन शब्दांत ही कहाणी संपवणे हा आळस आहे. ज्या चांगल्या प्राध्यापकांकडे हा विषय शिकायला मिळाला, त्यांनी कोपऱ्याजवळचा ताण, रिव्हेटच्या छिद्रांची कडा आणि चाचणीचा एक सूक्ष्म सापळा असे तिन्ही मुद्दे एकत्र मांडले. सापळा असा की, ज्या नमुन्यावर आधी एकदा मोठा दाब दिलेला असतो, त्याच्या कोपऱ्यातील धातू थोडा ताणला जाऊन नंतरच्या थकव्याला अधिक टिकतो. त्यामुळे चाचणीत टिकलेला नमुना सेवेतील विमानाबद्दल खोटी खात्री देऊ शकतो. हे ऐकल्यावर वर्गात क्षणभर कोणी बोलले नव्हते, आणि माझ्या दृष्टीने त्या एका तासात त्या सत्राचे शुल्क वसूल झाले.

प्रोपल्शन, म्हणजे इंजिनांच्या विषयाबद्दल थोडक्यात लिहिणे योग्य, कारण सार्वजनिक विद्यापीठांत हाच विषय सर्वाधिक कागदावर शिकवला जातो. फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिनाचे 1930 चे पेटंट, 27 ऑगस्ट 1939 रोजी उडालेले हाइन्केल 178 हे पहिले टर्बोजेट विमान, जेट इंजिनामागच्या ब्रेटन चक्राची गणिते, हे सर्व होते. चालू इंजिन मात्र अनेकांना पाहायलाही मिळत नाही. कापून ठेवलेले जुने इंजिन व्हरांड्यात असते. ते उपयोगी आहे, तरी चाचणी मंचावर चालणाऱ्या एका छोट्या टर्बोजेटची जागा ते घेऊ शकत नाही.

उड्डाण गतिकी या विषयात विभागाविभागांतील अंतर सर्वांत जास्त जाणवते. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या सार्वजनिक तंत्रविद्यापीठाने सेसना सायटेशन जातीचे जेट विमान उडती प्रयोगशाळा म्हणून वापरले आहे आणि तेथील विद्यार्थ्यांनी त्यात बसून मोजमापे घेतली आहेत. अशी चैन थोड्यांनाच परवडते. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी निदान सिम्युलेटरवर विमानाची संथ लाटेसारखी वरखाली होणारी दोलने दाखवली पाहिजेत. सेकंदाला 60 मीटर वेगाने जाणाऱ्या विमानात या एका दोलनाला साध्या सूत्राने सुमारे 27 सेकंद लागतात. स्टॉपवॉच हातात घेऊन ते मोजता येते, आणि विमानाचे वजन किंवा पंखाचा आकार त्या सूत्रात कुठेच येत नाही हे लक्षात आल्यावर जो आनंद होतो तो परीक्षेच्या तयारीत कधी मिळत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत परिस्थिती मिश्र आहे. महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने मोजके असतात आणि प्रकल्प सादर करण्याच्या आठवड्यात संगणक कक्षात जागा मिळत नाही. परंतु या क्षेत्रात मोफत साधने चांगली आहेत. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी 1986 मध्ये लिहिलेले एक्सफॉइल आजही पंखछेदांच्या अभ्यासासाठी वापरले जाते, नासाचे ओपनव्हीएसपी विमानाची भूमिती उभी करायला पुरते, आणि ओपनफोम हे प्रवाहाच्या गणनेसाठी खुले आहे. जो विभाग हीच साधने टनेलमधील मोजमापाशेजारी ठेवून दोहोंतील फरकाचे कारण लिहायला लावतो, तो योग्य मार्गावर आहे. रंगीत चित्रे छापून आणणाऱ्या अहवालाला जेथे पूर्ण गुण मिळतात, त्या विभागाबद्दल मी सावध राहीन.

प्राध्यापक हे सार्वजनिक विद्यापीठाचे खरे भांडवल आणि कधीकधी तेच त्याचे दुखणे. येथे शिकवणारे बहुतेक जण संशोधक असतात. त्यांची पदोन्नती शोधनिबंधांवर आणि मिळवलेल्या निधीवर अवलंबून असते, दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर नाही. परिणामी काही तास तयारीविना घेतले जातात आणि उत्तरपत्रिका संशोधन विद्यार्थी तपासतात. याची दुसरी बाजू मात्र मोठी आहे. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 ही अमेरिकी चंद्रमोहीम परत येत असताना चंद्रावर उतरण्याचे यान मुख्य यानापासून दूर ढकलण्यासाठी जोडबोगद्यात नेमका किती दाब ठेवावा, हा प्रश्न ते उतरण्याचे यान बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने कॅनडातील टोरंटो या सार्वजनिक विद्यापीठातील एरोस्पेस संस्थेला दूरध्वनीवरून विचारला, आणि तेथील प्राध्यापकांच्या एका छोट्या गटाने स्लाइड रूल (गणनेची सरकती पट्टी) वापरून काही तासांत उत्तर दिले. असा माणूस आपल्याला शिकवायला असतो, त्याच्या कक्षाचे दार उघडे असते आणि विद्यार्थी मात्र दार ठोठावत नाही, हे चित्र मी वारंवार पाहिले आहे. मोठ्या वर्गात हरवून जाणाऱ्याला सार्वजनिक विद्यापीठ शोधायला येत नाही. तेथे आपण होऊन जावे लागते.

आता तक्रारी. मी जेथे शिकलो, त्या विभागात टनेलचा बल मोजणारा तराजू बिघडला आणि संपूर्ण सत्र तो तसाच राहिला. सुटा भाग फार महाग नव्हता; निविदा, मंजुरी आणि आर्थिक वर्षअखेर यांच्यात तो अडकला होता. त्या सत्रातील विद्यार्थ्यांनी मागील वर्षीच्या तुकडीचे आकडे वापरून अहवाल लिहिले आणि त्यांना गुणही मिळाले. अभ्यासक्रमाबाबतही हाच संथपणा आढळतो: संमिश्र पदार्थांनी बनलेली विमाने उडू लागून बराच काळ लोटल्यावरही त्यांना एका प्रकरणापुरतीच जागा होती, कारण नवा विषय आणायचा तर तो अनेक समित्यांमधून जावा लागतो. समित्यांमुळे अभ्यासक्रमात उथळ फॅशन शिरत नाही हे मान्य. परंतु त्याची किंमत प्रत्येक तुकडी मोजते.

वेळापत्रक हाही त्रासाचा भाग आहे. चौथ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायची मुभा असते असे माहितीपत्रक सांगते, आणि प्रत्यक्षात हवे असलेले दोन विषय एकाच तासाला येतात किंवा शिकवणारा प्राध्यापक त्या वर्षी रजेवर असतो.

विद्यार्थ्यांच्या विमान संघांना मात्र मी मनापासून चांगले गुण देईन. ठरावीक वजन उचलून ठरावीक अंतर उडणारे दूरनियंत्रित विमान बांधण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1990 च्या दशकापासून व्यवस्थित चालू आहेत, आणि पुष्कळ सार्वजनिक विद्यापीठांचे संघ त्यांत भाग घेतात. गुरुत्वमध्य थोडा मागे गेला की विमान किती बेभरवशाचे होते, हे वर्गात समीकरणाने कळते आणि मैदानावर पहिल्या उड्डाणात पाच सेकंदांत पटते. संघात जागा मिळवण्यासाठी पहिल्याच वर्षी जाऊन सॅंडपेपर हातात घ्यावा लागतो. तिसऱ्या वर्षी आरेखक म्हणून थेट प्रवेश मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

नोकरीच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. विमाने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत, त्यांची भरती मागणीच्या चक्राप्रमाणे वाढते आणि आटते, आणि संरक्षणाशी संबंधित कामांत नागरिकत्वाची अट बहुतेक देशांत असते. परदेशात जाऊन शिकणाऱ्याने ही अट प्रवेशापूर्वीच तपासावी. दुसरीकडे, प्रवाह, कंपन, हलके सांगाडे आणि नियंत्रण यांचे ज्ञान पवनचक्क्या, मोटारी, टर्बाइन आणि ड्रोन अशा अनेक ठिकाणी लागते. माझ्या बरोबरीच्या अनेकांना नोकऱ्या विमान उद्योगाबाहेरच मिळाल्या आणि त्यांचे शिक्षण वाया गेलेले नाही. मात्र कंपन्यांना विद्यार्थ्यांपर्यंत आणणारे कार्यालय सार्वजनिक विद्यापीठात सर्व शाखांसाठी एकच असते, आणि एरोनॉटिकलसारखी लहान शाखा त्याच्या प्राधान्यक्रमात खाली राहते. या एका बाबतीत खासगी संस्था पुष्कळदा पुढे असतात.

शुल्काचा विचार केला तर सार्वजनिक विद्यापीठाचे पारडे बहुतेक देशांत निर्विवाद जड आहे. टनेल, संगणक, कार्यशाळा आणि ग्रंथालय यांचा खरा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून निघूच शकत नाही. तो इतर कोणीतरी उचललेला असतो. कर्जाविना पदवी मिळाल्यामुळे पहिली नोकरी पगाराकडे पाहून न घेता कामाकडे पाहून घेता येते, हा लाभ माहितीपत्रकात कुठेही लिहिलेला नसतो.

विभाग पाहायला जाणाऱ्याने प्रवेशद्वाराशी ठेवलेले जुने विमान पाहून परत येऊ नये. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची प्रयोगवही मागून पाहावी. वहीतील आकडे एकाच गटाने घेतलेले आहेत की संपूर्ण वर्गाचे एकसारखेच आहेत, त्यांत चुकीच्या मर्यादेचा हिशेब आहे की नाही, आणि सिद्धांताशी न जुळणारे निष्कर्ष खोडून टाकलेले आहेत की त्यांवर परिच्छेद लिहिलेला आहे, एवढे पाहिले तरी विभागाची बरीच कल्पना येते. टनेल गेल्या सत्रात किती दिवस बंद होता, हे प्रमुखांपेक्षा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला विचारावे. असा तंत्रज्ञ कायमस्वरूपी नेमलेला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. जेथे ते पद रिकामे आहे तेथे उत्तम यंत्रेही कापडाखाली झाकलेली असतात.

गुण द्यायचेच झाले तर पायाभूत शिक्षणाला पाचपैकी साडेचार, प्राध्यापकांना चार, प्रयोगशाळांना त्या चालू असतील त्या सत्रात पाच आणि बंद असतील त्या सत्रात एक, अभ्यासक्रमाच्या ताजेपणाला अडीच, आणि प्रशासनाला दोन. प्रशासनाबद्दल एक व्यावहारिक सूचना: पुढील शिक्षणासाठी परदेशी अर्ज करणाऱ्यांनी गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि अभ्यासक्रमाचा तपशील यांसाठीचा अर्ज शेवटच्या सत्राच्या परीक्षेपूर्वीच करून ठेवावा आणि त्याची पोच सांभाळून ठेवावी.